झाड कुणी लावायचे?

अमली पदार्थांविषयीच्या आपल्या १९८५ च्या कायद्याचे विसावे कलम सावकाश वाचावे असे आहे. एखाद्याजवळ एक किलोच्या आत गांजा सापडला, तर कायदा त्याला अल्प प्रमाण मानतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतो. त्याच माणसाने परसात गांजाचे झाड लावले, तर मात्र दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर एक लाखापर्यंत दंड. झाडे किती होती, हे कलम विचारत नाही. कुंडीतले एक रोप आणि उसाच्या आडोशाने केलेली अर्ध्या एकराची लागवड, दोन्हींना तीच तरतूद लागू. माल विकत आणणाऱ्यापेक्षा झाड लावणाऱ्याला दसपट शिक्षा का, या प्रश्नातून हे पुस्तक उभे राहिले.

गांजा कायदेशीर करावा की नाही, यावर मराठीत बोलणे निघाले की ते ठरलेल्या वाटेने जाते. एक बाजू म्हणते, पोरे बरबाद होतील. दुसरी बाजू महाशिवरात्रीची भांग, नाशिकच्या कुंभातले साधू आणि त्यांच्या चिलमी यांचा दाखला देते. दोघांच्याही डोळ्यांपुढे ओढणारा माणूस असतो. लावणारा माणूस कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतो. जगात जिथे जिथे गेल्या पन्नास वर्षांत हा कायदा बदलला, तिथे खरी झुंज मात्र लावणाऱ्याभोवती झाली आहे. ओढण्याची मुभा द्यायला सरकारे हळूहळू तयार झाली. पण झाड कुणी लावायचे, सरकारने, परवानाधारक कंपनीने की घरातल्या माणसाने, या ठिकाणी ती अडली. घरच्या चार झाडांना विरोध करायला पोलीस आणि व्यसनमुक्तीवाले तर आलेच, शिवाय ज्यांचा गांजा विकण्याचा धंदा कायदेशीर झाला होता असे व्यापारीही आले. कारण साधे आहे. घरच्या झाडातून कर मिळत नाही, परवान्याची फी मिळत नाही, नफाही होत नाही. ज्यात कुणाचाच पैसा नाही, त्याची वकिली करायला विधिमंडळाच्या दारात कुणी उभे राहत नाही.

घरच्या झाडाला अडवण्याचे हे राजकारण काही अमेरिकेतच सुरू झाले नाही. आपल्याकडे त्याचा इतिहास जुना आहे आणि तो अबकारीच्या दप्तरात लिहिलेला आहे.

१८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम केन या सभासदाने हिंदुस्थानातल्या गांजाच्या दुष्परिणामांबद्दल प्रश्न विचारला आणि त्यातून हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते, सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते. कमिशनने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या: डॉक्टर, कलेक्टर, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, शेतकरी, बैरागी. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदी घालणे आवश्यकही नाही, शहाणपणाचेही नाही. गांजाच्या बाजूने बोलणारे आज हा अहवाल फार आनंदाने पुढे करतात. पण त्याचा दुसरा भाग ते वाचत नाहीत. बंदी नको म्हणणाऱ्या याच कमिशनने शिफारस केली, की लागवड परवान्याखेरीज होऊ देऊ नये, ती ठरावीक मुलखात एकवटावी आणि कर वाढवावा. नमुना म्हणून त्यांच्यापुढे बंगालची पद्धत होती. राजशाहीकडच्या नौगावच्या ‘गांजा महाला’त परवाना घेऊन लागवड व्हायची, पीक सरकारी गोदामात जायचे आणि तिथून कर भरून बाहेर पडायचे. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होती आणि तिच्यावर एवढा करडा पहारा नव्हता. कमिशनच्या दृष्टीने ही ढिलाई होती. परसातले झाड माणसाला वेड लावील याची चिंता त्या पानांवर फारशी दिसत नाही. तिथे दिसते ती महसुलाची चिंता.

मोहाच्या दारूचे याआधीच हे झाले होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडल्या आणि दारू गाळण्याचे काम मोठ्या मक्तेदारांच्या हाती गेले. कातकरी, वारली ज्या फुलांवर वर्षाचे काही महिने काढत, त्या मोहाच्या फुलांवर निर्बंध आणणारा कायदा १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी आला. आदिवासींनी दारू सोडावी हा त्यामागचा हेतू नव्हता. त्यांनी ती मक्तेदाराच्या दुकानातून, कर भरून घ्यावी हा होता. स्वातंत्र्यानंतर आपण बंदीच्या बाजूला गेलो, तरी परसातले झाड आणि झोपडीतली भट्टी यांच्याकडे पाहण्याची सरकारची नजर तीच राहिली, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेची गोष्ट या पुस्तकात सर्वांत जास्त पाने घेते, आणि ते योग्यच आहे, कारण घरच्या झाडाचा प्रश्न तिथे न्यायालयात, मतपेटीत आणि बाजारात अशा तिन्ही ठिकाणी धसाला लागला.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये औषध म्हणून गांजा वापरण्याला मान्यता दिली. राज्याने परवानगी दिली, केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच राहिला. १५ ऑगस्ट २००२ रोजी ब्यूट काउंटीत डायान मॉन्सन या बाईंच्या घरी काउंटीचे पोलीस आणि केंद्राचे अमली पदार्थविरोधी अधिकारी एकदमच पोचले. पाठदुखीवर उपाय म्हणून बाईंनी सहा झाडे लावली होती. काउंटीच्या पोलिसांनी पाहणी करून सांगितले, की राज्याच्या कायद्याप्रमाणे यात काही गैर नाही. केंद्राच्या अधिकाऱ्यांना ते पटले नाही. तीन तास दोन्हीकडच्यांची हुज्जत चालली आणि शेवटी केंद्राच्या माणसांनी सहाही झाडे जप्त करून नष्ट केली.

मॉन्सन आणि अँजेल रेच या दुसऱ्या आजारी बाई न्यायालयात गेल्या. खटला ‘गोन्झालेस विरुद्ध रेच’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी बाई हरल्या. निकालाचे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. केंद्र सरकारला राज्याराज्यांतल्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार आहे. मॉन्सनबाईंचा गांजा विकला गेला नव्हता, विकत घेतला नव्हता, राज्याची सीमा सोडा, घराचे कुंपणही त्याने ओलांडले नव्हते. तरी तो व्यापाराच्या कक्षेत कसा येतो? न्यायालयाने १९४२ च्या एका निकालाचा आधार घेतला. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला ११.१ एकर गहू पेरण्याची मुभा होती. त्याने २३ एकर पेरला. जादा गहू मी माझ्या घरासाठी आणि गुरांसाठी वापरणार, असे त्याचे म्हणणे होते. त्याला ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला आणि न्यायालयाने एकमताने तो कायम केला, कारण घरचा गहू खाणारा माणूस बाजारातून गहू घेत नाही, आणि असे पुष्कळ शेतकरी झाले तर देशाच्या बाजारभावावर परिणाम होतो. साठ वर्षांनी तोच न्याय गांजाला लावला गेला. न घेतलेली वस्तूही बाजाराचा भाग ठरली. न्यायमूर्ती थॉमस आणि न्यायमूर्ती ओकॉनर यांची विरोधी मते मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला सांगतो. हे दोघे इथे एका बाजूला होते.

म्हणजे केंद्राच्या दारी घरच्या झाडाला जागा उरली नाही. मग लोकांनी राज्यांची वाट धरली, आणि इथून पुढचे राजकारण फार उद्बोधक आहे. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांनी एकाच दिवशी, साधारण सारख्याच बहुमताने, करमणुकीसाठीचा गांजा कायदेशीर केला. वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या एकत्र छापल्या. पण दोन्ही कायदे मुळातच वेगळे होते. कोलोरॅडोने प्रत्येक प्रौढाला सहा झाडे लावण्याचा हक्क राज्याच्या घटनेतच लिहिला. त्यांतली तीनच एका वेळी फुलोऱ्यावर असावीत एवढी अट. वॉशिंग्टनने दुकाने उघडली, पुढे ३७ टक्के कर बसवला आणि घरी एकही झाड लावणे हा गंभीर गुन्हाच ठेवला. तो आजही आहे. घरच्या लागवडीला मुभा देणारी विधेयके तिथे पुन्हा पुन्हा मांडली जातात आणि पडतात.

कोलोरॅडोत सगळे आलबेल झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. औषधी परवान्याच्या आडून काही घरांमध्ये डझनावारी झाडे उभी राहिली आणि माल शेजारच्या राज्यांत जाऊ लागला. २०१७ मध्ये विधिमंडळाने एका घरात बारा झाडांची कमाल मर्यादा घातली. माझ्या मते हा योग्य दुरुस्तीचा नमुना आहे. मर्यादा मोडली गेली तेव्हा त्यांनी मर्यादा आवळली. हक्क घटनेत होता, म्हणून तो काढून घेण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता.

व्यापाऱ्यांचे राजकारण पाहायचे तर ओहायोकडे जावे लागते. २०१५ मध्ये तिथे मतदारांपुढे आलेल्या प्रस्तावात व्यापारी लागवडीसाठी दहा ठरावीक जागा घटनेतच नमूद करायच्या होत्या, आणि त्या जागा प्रचाराचा खर्च उचलणाऱ्या गुंतवणूकदारांच्या होत्या. गांजाला अनुकूल असलेल्यांनीही याविरुद्ध मत दिले. जवळजवळ ६४ टक्के मतांनी प्रस्ताव पडला. २०२३ मध्ये मक्तेदारी नसलेला आणि प्रत्येक प्रौढाला सहा झाडांची मुभा देणारा प्रस्ताव आला, तेव्हा त्याच ओहायोने तो ५७ टक्के मतांनी मंजूर केला. फ्लोरिडात २०२४ चा प्रस्ताव मुख्यतः एका मोठ्या गांजा कंपनीच्या दहा कोटी डॉलरहून अधिक पैशावर लढवला गेला. त्यात घरच्या लागवडीचा शब्दही नव्हता. ५६ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, लागणार होती ६०. न्यू जर्सीत दुकाने आहेत, पण घरी झाड लावणे गुन्हा आहे. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये ते चालते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारे मराठी वाचक हा विरोधाभास रोज पाहतात.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांत गांजाची छोटी शेती तीन पिढ्यांची. २०१० मध्ये गांजा कायदेशीर करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा या तिन्ही काउंट्यांनी विरोधात मत दिले. ज्यांच्या शेतांवर हेलिकॉप्टरे घिरट्या घालत, त्यांनीच कायदेशीरपणा नाकारला, याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. पण त्यांना पुढचे दिसत होते. २०१६ मध्ये कायदा झाला, तेव्हा मोठ्या शेतांना काही वर्षे परवाने मिळणार नाहीत, असे छोट्यांना सांगण्यात आले होते. २०१७ च्या नोव्हेंबरात नियम प्रसिद्ध झाले. त्यांत एकाच मालकाने किती छोटे परवाने घ्यावेत यावर बंधनच नव्हते. छोट्या परवान्यांची चळत लावून मोठी शेते उभी राहिली, भाव कोसळले आणि डोंगरातली कुटुंबे शेती सोडू लागली. आपल्याकडे कांद्याच्या आणि द्राक्षाच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको.

न्यायालयाच्या वाटेने घरच्या झाडाला यश मिळाले ते खाजगीपणाच्या हक्कामुळे. अलास्काने १९७२ मध्ये राज्यघटनेत खाजगीपणाचा हक्क घातला. आयर्विन रेव्हिन या वकिलाने त्याच्या आधाराने खटला लढवला आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रौढ माणसाने स्वतःच्या घरात स्वतःपुरता गांजा बाळगला तर सरकारला तिथे शिरण्याचे पुरेसे कारण नाही. मतदारांनी १९९० मध्ये तो पुन्हा गुन्हा ठरवला तरी हा निकाल टिकून राहिला. दक्षिण आफ्रिकेत गॅरेथ प्रिन्स या रास्ताफारी पंथाच्या माणसाला गांजा ओढण्यावरून वकिलीची सनद नाकारली गेली. धर्माच्या मुद्द्यावर तो २००२ मध्ये घटना न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरला. मग खाजगीपणाचा मुद्दा घेऊन तो पुन्हा आला, आणि १८ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती झोंडो यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालाने प्रौढांना खाजगी जागेत स्वतःसाठी गांजा लावण्याची, बाळगण्याची आणि ओढण्याची मोकळीक मिळाली. संसदेने कायदा करायला २०२४ उजाडवले. त्यातही पूर्व केपच्या पोंडोलँडमधल्या, पिढ्यान्‌पिढ्या हे पीक घेऊन विकत आलेल्या गरीब शेतकऱ्यांना काही मिळाले नाही. मोकळीक घरातल्या माणसाला मिळाली, विक्री गुन्हाच राहिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले ते २०१७ मध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या निकालाच्या एकच वर्ष आधी. या दोन निकालांना शेजारी ठेवून वाचणारे एक प्रकरण पुस्तकात आहे. कायद्याच्या अभ्यासकांनी निदान तेवढे तरी चुकवू नये.

उरुग्वेने २०१३ मध्ये जगात पहिल्यांदा देशपातळीवर कायदा केला: घरात सहा झाडे, किंवा पंधरा ते पंचेचाळीस जणांचा क्लब, किंवा औषधाच्या दुकानातून खरेदी, यांपैकी एकच वाट निवडायची आणि सरकारदरबारी नाव नोंदवायचे. १९७३ ते १९८५ लष्करी राजवट सोसलेल्या देशात अशा यादीत नाव घालायला लोक बिचकले, यात नवल नाही. जर्मनीला खरे तर परवाना असलेली दुकाने काढायची होती. युरोपीय संघाच्या कायद्यात ती बसेनात, म्हणून एप्रिल २०२४ पासून घरात तीन झाडे आणि जुलैपासून नफा न कमावणारे क्लब एवढेच लागू झाले. दुकान वगळून घर तेवढे मोकळे करण्याचा प्रयोग असा योगायोगाने एका मोठ्या देशात सुरू झाला.

थायलंडची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटावी. अनुतिन चार्नविराकुल यांच्या पक्षाने २०१९ ची निवडणूक ‘घरटी सहा झाडे’ या आश्वासनावर लढवली. गरीब शेतकऱ्याला नगदी पीक मिळेल, असा त्याचा सूर. जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला, सरकारने दहा लाख रोपे वाटायला काढली, तीन हजारांवर कैदी सुटले. पण बाजाराचे नियमन करणारा कायदा संसदेत अडकला. हजारो दुकाने पर्यटकांच्या रस्त्यांवर उघडली आणि जून २०२५ मध्ये सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीखेरीज विक्रीला मनाई केली. शेतकऱ्याच्या नावाने आणलेले धोरण दुकानदाराच्या हाती गेले आणि बदनाम होऊन आटोपले.

घरच्या झाडाच्या विरोधात सर्वांत भारी युक्तिवाद मला क्वेबेकचा वाटतो. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये घरटी चार झाडांची मुभा दिली, क्वेबेकने ती आपल्या प्रांतात नाकारली. त्यांचे म्हणणे असे, की गांजा फक्त सरकारी मंडळाच्या दुकानात मिळावा. तिथे जाहिरात नाही, नफ्यासाठी खप वाढवणे नाही, वयाची अट २१ आहे आणि मालाची तपासणी आहे. घरच्या झाडावर यातले काहीच चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेकची बंदी एकमताने वैध ठरवली. या भूमिकेत कंपनीचा लोभ नाही, आरोग्याची खरी काळजी आहे, आणि म्हणूनच तिला उत्तर देणे अवघड आहे.

मी ते टाळणार नाही. गांजा निरुपद्रवी आहे, असे हे पुस्तक कुठेही म्हणत नाही. कोवळ्या वयात सुरू झालेले आणि रोजचे झालेले सेवन मेंदूला आणि मनाला घातक ठरते, मनोविकाराकडे कल असलेल्यांना तर फारच. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातल्या नशेच्या मुख्य द्रव्याचे प्रमाण १९९५ मध्ये सरासरी चार टक्के होते, २०१४ पर्यंत ते बारा टक्क्यांवर गेले. दुकानांत मिळणारे अर्क तर याच्या कितीतरी पटींनी तीव्र असतात. पण ही तीव्रता वाढवली कुणी? आधी चोरट्या बाजाराने, कारण लपवून न्यायचा माल कमी जागेत जास्त कडक हवा असतो. नंतर कायदेशीर बाजाराने, कारण कडक मालाला गिऱ्हाईक परत येते. कुंडीतल्या झाडाला ही घाई नसते. ते वाढायला महिने घेते, त्याची जाहिरात होत नाही, उधारी नसते आणि कोपऱ्यावर उभा राहून शाळकरी पोरांना पुडी दाखवणारा कुणी नसतो. घरात मुले असतील तर ते झाड कुलपात असावे, ही अट कायद्याने घालावी, आणि अनेक ठिकाणी ती आहेही. घरच्या झाडाने व्यसन थांबत नाही. व्यसनातून पैसा कमावणारी साखळी मात्र त्याने तुटते, आणि माझ्या लेखी हे थोडे नाही.

आता आपल्याकडे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांपैकी सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतली होती. त्यांत भांग घेणारे सव्वादोन कोटींच्या घरात आणि गांजा-चरसवाले सव्वा कोटीवर. भांग कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली, कारण नुसती पाने आणि बिया वगळल्या आहेत. गांजा आत गेला. एकाच झाडाचे पान सरकारमान्य दुकानात विकले जाते आणि शेंडा तुरुंगात नेतो. पकडले कोण जातात? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीने मुंबईतल्या खटल्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मोठा भरणा गांजा ओढताना पकडलेल्यांचा होता, आणि त्यांत रोजंदारीवर पोट भरणारे, झोपडपट्टीत आणि रस्त्यावर राहणारे पुष्कळ होते. उंच इमारतीतल्या बंद दाराआड ओढणारा पोलिसाला दिसत नाही. फूटपाथवरचा दिसतो.

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीत किंवा मक्यात लपवलेला गांजा पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला: कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, गांजा लावण्याची परवानगी द्या. अर्थातच ती मिळाली नाही. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी गंमत म्हणून दिली. मला ती गंमत वाटली नाही. कायद्याच्या दहाव्या कलमाने राज्य सरकारांना लागवडीचे परवाने देण्याचा अधिकार दिलेला आहे. अर्जदाराने कायद्याच्या कक्षेतलीच गोष्ट मागितली होती. गोव्यात २०२० च्या डिसेंबरात औषधी लागवडीच्या प्रस्तावाला कायदा खात्याने संमती दिल्याचे बाहेर आले आणि विरोधकांनी एवढा गदारोळ केला, की मुख्यमंत्र्यांना माघार घ्यावी लागली. उत्तराखंडने २०१८ पासून नशा नसलेल्या वाणाचे, धाग्यासाठीचे परवाने दिले. हिमाचल प्रदेश त्याच दिशेने निघाला आहे. या सगळ्या चर्चेत उद्योग आहे, निर्यात आहे, महसूल आहे. परस नाही. उद्या आपल्याकडे कायदा बदललाच, तर तो कंपनीच्या दारातून येईल आणि घरच्या झाडाची दहा वर्षे तशीच राहतील, ही माझी भीती आहे. जगाचा अनुभव तिला दुजोरा देतो.

म्हणून मला काय हवे, ते स्पष्ट सांगतो. दुकाने नकोत. जाहिरात नको, परवान्यांचा लिलाव नको. प्रौढ माणसाला स्वतःच्या घरात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी तीन-चार झाडे लावता यावीत; विकले तर शिक्षा व्हावी. आणि हे लगेच होणार नसेल, तर लागवडीच्या शिक्षेला निदान झाडांच्या संख्येचे प्रमाण लागू करावे, जसे ते मालाच्या वजनाला आहे. एवढी दुरुस्ती कोणत्याही पक्षाचे सरकार एका अधिवेशनात करू शकते.

महाराष्ट्रात नशेच्या राजकारणाला आकार दिला तो बायकांनी. गडचिरोलीची दारूबंदी त्यांच्या जोरावर आली, चंद्रपूरची २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बाटली आडवी करण्यासाठी गावोगावी मतदानाला उभ्या राहिलेल्या या बायका दुकानाविरुद्ध लढल्या, आणि घरात येणाऱ्या नशेची किंमत त्यांच्याइतकी कुणी मोजलेली नाही. घरच्या झाडाचा माझा युक्तिवाद त्यांना पटेल, असे मी गृहीत धरत नाही. घरातच झाड आले तर मार कुणी खायचा, हा त्यांचा प्रश्न असेल, आणि त्याचे पूर्ण उत्तर या पुस्तकात मिळेल असा दावा मी करणार नाही. दारूबंदीच्या कामात ज्यांनी उमेदीची वर्षे घातली, त्या कार्यकर्त्यांनी हे पुस्तक आधी वाचावे, जिथे चुकते असे वाटेल तिथे समासात खुणा कराव्यात आणि आपले म्हणणे प्रकाशकांकडे लिहून पाठवावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.